शमीम, दाखला मागू नकोस

‘मराठी टीचर, आप भी.’

एवढंच म्हणाला प्रिन्सिपल. माइकवरून. सगळी शाळा मैदानात उभी. मैदान म्हणजे काय, दोन इमारतींच्या मधली फरसबंदी जागा. माहीमच्या त्या गल्लीत तेवढी मिळाली हेच खूप. दुआ झाली होती, राष्ट्रगीत झालं होतं. पोरं वर्गाकडे वळणार, तर म्हणाला, थांबा. मग नववीतल्या काही पोरींची नावं घेतली, एकेक करून. त्यांना पुढे बोलावलं, भिंतीला लागून रांगेत उभं केलं.

‘ये वो बच्चियां हैं जो नववी में आकर भी एक पैराग्राफ ठीक से नहीं पढ़ सकतीं.’

आणि मग मी.

मला आधी कळलंच नाही. वाटलं, पोरींना वर्गात घेऊन जा म्हणतोय. मी पुढे झाले, पोरींना म्हटलं, चला गं. तर परत माइक.

‘ले नहीं जाना है. साथ में खड़े रहना है. जिसकी क्लास, उसकी ज़िम्मेदारी.’

माझं वय साठीला आलेलं. गुडघे कामातून गेलेले. डोक्यावर पदर सारखा केला आणि उभी राहिले पोरींच्या रांगेत. समोर पहिलीतली चिमुरडी, जी मला रोज सलाम करतात. समोर माझ्याबरोबरच्या बाया. वॉचमन. बसचा ड्रायव्हर. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. सगळे खाली बघत होते.

माझ्या शेजारी रुखसार. बडबडी, नाकात चमकी, सदा एक वेणी सुटलेली. ती हळूच म्हणाली, ‘टीचर, इधर सरको. इधर धूप नहीं आता.’

तिला माहीत होतं ऊन कुठे येतं ते. म्हणजे ती तिथे आधीही उभी राहिली होती. मला पत्ता नव्हता.

घरी आले. लालबागला आमच्या चाळीत सगळ्यांच्या दारांना एकच गॅलरी, लपवायचं कुठे? शेजारच्या सावंतकाकूंनी तोंड बघूनच ओळखलं. सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, ‘उभी कित्याक रवलंस गो? फतकल मारून बसाचा व्हता थंयच.’ मी हसले. हसताना रडू फुटलं.

आता हे असं का झालं ते सांगते. नाहीतर तुम्ही म्हणाल, बाईने काहीतरी केलं असेल.

आमची शाळा इस्लामी. सकाळी कुराण, अरबी, दीनियात. मग बोर्डाचे सगळे विषय इंग्रजीतून. मी मराठी शिकवायचे, नववीची वर्गशिक्षिकाही मीच. आधीच्या प्रिन्सिपल एक बाई होत्या. सगळे त्यांना बडी आपा म्हणायचे. उंचीने एवढ्याशा, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी एक रीत पाडली होती. दुपारी जोहरची नमाज झाली की आम्ही सगळे मास्तर-मास्तरणी नमाजाच्या खोलीत चटईवर बसायचो. आणि आपा विचारायच्या, ‘आज किसका सबक नहीं बैठा?’

आज कुणाचा धडा पोरांच्या डोक्यात बसला नाही. एवढंच. कुणाचा छान झाला, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पहिल्या दिवशी कुणी तोंड उघडेना. कोण सांगेल हो, मला शिकवता आलं नाही म्हणून? तेव्हा आपाच म्हणाल्या, ‘मैंने आज ग्रहण पढ़ाया. किसी को नहीं समझा. शायद मुझे ही ठीक से नहीं आता.’ गणिताच्या बाई दुसऱ्या दिवशी घरून मोसंबं, लिंबू आणि टॉर्च घेऊन आल्या. दोघी मिळून वर्गावर गेल्या. पोरांनी लिंबाची सावली मोसंब्यावर बघितली आणि मग टॉर्च सोडीनात.

मग सगळेच बोलायला लागलो. अरबीचे मौलानासाहेब एकदा म्हणाले, मी तर तोते तयार करतोय, सुरा घडाघडा म्हणतात, अर्थ एकाला माहीत नाही. आपा म्हणाल्या, उद्यापासून एक ओळ कमी घ्या आणि तिचा अर्थ सांगा. मौलाना रागावले. दोन दिवस बोलले नाहीत. मग तसंच करायला लागले.

माझं गाऱ्हाणं वेगळं. आमच्या पोरांच्या घरी मराठी नाही. कुणाचं उर्दू, कुणाचं भोजपुरी. पुस्तकातली मराठी त्यांना दगडासारखी. आपा आल्या, माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसल्या, पोरींच्यात पोर होऊन. तास संपल्यावर म्हणाल्या, ‘इन्हें बाहर ले जाओ. रास्ते पर कितनी मराठी लिखी है.’ तेव्हापासून दर आठवड्याला मी पोरं घेऊन माहीमच्या बाजारात निघायची. दुकानांच्या पाट्या, बसस्टॉप, पालिकेचे फलक. रुखसार तेव्हा सहावीत. विजेच्या डब्यावरचं ‘सावधान’ तिने स्वतःहून वाचलं. एकेक अक्षर लावून, घाम फुटेस्तोवर. मग आठवडाभर वर्गात कुणीही आलं की ही ओरडायची, सावधान.

आपांच्या वेळी निकाल शंभर टक्के कधी लागला नाही, खोटं कशाला बोलू. दोन-चार नापास व्हायचीच. पण नापास झालेलं पोरही आमचंच असायचं. त्याच बाकावर परत बसायचं, पुढच्या खेपेला सुटायचं.

आपा थकल्या, पुण्याला लेकीकडे गेल्या. हा आला. ट्रस्टींच्या घरातला, आखाती देशात कुठल्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता म्हणे. बूट चकाचक. उर्दू अशी की ऐकत बसावं. पहिल्या दिवशी एकेकाची ओळख करून घेतली. मला विचारलं, आप लोग कहां के? मी म्हटलं, साताऱ्याकडचे आम्ही, पिंजारी. आजोबा गाद्यांचा कापूस पिंजायचे, वडील परळच्या गिरणीत.

‘अच्छा. धुनिये.’

एवढंच. आणि पुढच्या बाईकडे वळला. आमच्या धर्मात जात नाही म्हणतात. नसेल धर्मात. माणसांत आहे.

तरी मी मनात धरलं नाही. कारण त्याने जोहरनंतरची बैठक चालू ठेवली. ‘बहुत अच्छी रिवायत है,’ म्हणाला. आणि तोच आपांचा प्रश्न विचारला. मी आपली सवयीने बोलले. म्हटलं, नववीतल्या काही पोरी अजून परिच्छेद वाचताना अडखळतात, मला त्यांच्यासाठी जास्तीचा एक तास द्या. त्याने नावं विचारली. मी दिली. आपांना द्यायचे तशीच. त्याने मोबाइलमध्ये लिहून घेतली. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, माणूस मन लावून ऐकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी माइक.

समजलं आता? जी गोष्ट चटईवर मदतीसाठी बोलले, ती त्याने मैदानात आमच्या तोंडावर मारली.

त्यानंतर चटईवर कुणी खरं बोललं नाही. तो विचारायचा, आज किसका सबक नहीं बैठा. सगळे म्हणायचे, अलहमदुलिल्लाह, सब बढ़िया. आणि तो खूश. खरंच खूश. त्याला वाटायचं शाळा सुधारली.

लिंबू-मोसंबं आणणाऱ्या त्याच गणिताच्या बाई. चाचणीच्या आदल्या दिवशी फळ्यावर तीच गणितं उत्तरांसकट सोडवून द्यायला लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘मला नाही उभं राहायचं हो तिकडे. मला घरी सासू आहे, तिला कुणीतरी सांगेल.’ मौलानासाहेब परत पोपट करायला लागले. सुरा भराभर पाठ, ट्रस्टी आले की पोरांना पुढे करायचं. कच्च्या पोरांना चाचणीच्या दिवशी सांगायचे, बेटा, तुझी तब्येत बरी नाही दिसत, घरी जा. माझं बाजारात फिरवणं बंद झालं. शिस्त बिघडते म्हणे.

गुण वाढले. विचारा कुणालाही, वाढले. पोरांना मात्र पूर्वीपेक्षा कमी येत होतं. दोन्ही एकाच शाळेत, एकाच वर्षी.

ज्या शाळेत पोरं रोज सकाळी शिकतात की खुदाने पहिला हुकूम दिला तो वाच म्हणून, त्या शाळेत वाचता न येणं हा गुन्हा झाला. शिकवायचं कुणी?

मग एक दिवस त्याने मला खोलीत बोलावलं. दरवाजा उघडा ठेवून बोलतो, चालरीत फार चांगली. म्हणाला, पुढच्या वर्षी दहावीचा निकाल शंभर टक्के हवा. गेटवर बॅनर लागणार. तेव्हा नववीतून काही नावं कमी करायला हवीत. पहिलं नाव रुखसार.

मी म्हटलं, ती शिकतेय. सावकाश शिकतेय, पण शिकतेय. एक वर्ष जास्त लागेल.

‘इनके घर में माहौल नहीं. और हम निकाल नहीं रहे. मां खुद दाखला मांगेगी. अर्ज़ी आप लिख दीजिए, वो अंगूठा लगा देगी. बच्ची बाहर से इम्तिहान दे देगी.’

ही रीत मला त्या दिवशी कळली. शाळा कुणाला काढत नाही. शाळेचे हात स्वच्छ. आई येते, हात जोडते, म्हणते साहेब आम्हाला शाळा सोडल्याचा दाखला द्या. आणि तिला तसं म्हणायला लावायचं काम वर्गशिक्षिकेचं. कारण आई आमच्यावर विश्वास ठेवते.

मी अर्ज लिहिला नाही. आईला निरोपही दिला नाही. त्याने शिपायाकडून फोन करवला.

रुखसारची आई शमीम. दुपट्ट्यांवर खडे चिकटवायचं काम करते घरी बसून. ती तशीच उठून आली होती, बोटांवर गोंद वाळलेला. रुखसार दाराशी उभी. मला पण बोलावलेलं. तो शमीमला म्हणाला, बैठिए बहन. ती खुर्चीच्या टोकावर बसली. त्याने इतक्या गोड आवाजात सांगितलं, विचारू नका. मुलीवर ताण येतो, मुलीचं मन मोडेल, बाहेरून परीक्षा दिली तर वेळ मिळेल, घरी तुमच्या कामाला हातभार पण लावेल. शमीम प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. शेवटी त्याने माझ्याकडे बोट केलं.

‘और बाहर से पास होने में क्या शर्म? हमारी टीचर को देखिए. खुद बाहर से पास हुई हैं. घर बैठे, बच्चे संभालते हुए. माशाअल्लाह, आज टीचर हैं.’

शमीम माझ्याकडे वळली. तिचा चेहरा उजळला हो. म्हणाली, ‘सच्ची, टीचर?’

काय सांगू तुम्हाला. आयुष्यभर मला या गोष्टीचा अभिमान. चाळीत, सासरी, मोहल्ल्यात, सगळीकडे, बाई घरी बसून शिकली. कुणाच्या लग्नात गेले तरी कुणीतरी आपल्या पोरीला माझ्यासमोर उभं करायचं, बघ, यांना बघ. मी पण फुलायची. आणि आता माझ्याच नावाची काठी करून हा माणूस एका पोरीला हाकलत होता. काठी मी. मारणारा तो. आणि मी गप्प राहिले असते तर मारणारी मीच.

तेव्हा डोक्यात लख्ख झालं काहीतरी.

मी बाहेरून का पास झाले? मला कुणी विचारलं होतं का, आतून होतेस की बाहेरून? लालबागच्या पालिकेच्या शाळेत सातवी झाली. माझा नंबर वरचा. वडील कपडे बदलून, टोपी घालून, मला दादरच्या एका हायस्कुलात घेऊन गेले. हेडमास्तर धोतरातले, सोवळे. त्यांनी माझे गुण बघितलेही नाहीत. वडिलांना म्हणाले, ‘तुमच्यात मुलींना कुठं एवढं शिकवतात? उगाच एक जागा अडेल.’ वडील म्हणाले, ‘बरोबर आहे साहेब.’ दार उघडं होतं, बाहेर पोरी खो-खो खेळत होत्या. आम्ही परत आलो. वडिलांनी वाटेत मला उसाचा रस पाजला.

मग बाहेर. बाहेर म्हणजे काय ते त्याला माहीत नाही. बाहेर म्हणजे सावंतांच्या मुलाची पुस्तकं, त्याचं वाचून झाल्यावर. शब्द अडला की विचारायचं कुणाला? पुढच्या वर्षी कळला तर कळला. बाहेर म्हणजे मांडीवर पोर, समोर स्टोव्ह, गुडघ्यावर भूगोल. सासरे झोपले की दिवा बंद. एका परीक्षेला बसायला मला दोन पोरं व्हावी लागली. माझ्याबरोबर माझी नणंद बसली होती, जैतून. माझ्याहून हुशार. तिचं मध्येच राहिलं. आता भांडी घासते लोकांकडे. तिला कुणी उदाहरण म्हणून दाखवत नाही. बाहेर बसवलेल्यांतली एखादी पास होते, तीच सगळ्यांना दिसते. बाकीच्या कुठे गेल्या, कोण विचारतो?

दादरचा तो धोतरातला आणि हा बुटातला. दोघं एकमेकांच्या घरी पाणी प्यायले नसते. पण पोर बाहेर काढताना दोघांची भाषा एक. तुमच्यात. इनके घर में माहौल नहीं. मुलीच्या भल्यासाठी.

शमीम अजून माझ्याकडे बघत होती. सच्ची, टीचर?

मी मराठीत बोलले. मुद्दाम. शमीमला कळते मराठी, बाजारात बोलते की. त्यालाही कळते, तो न कळल्याचं दाखवतो.

मी म्हटलं, ‘खरं आहे, शमीम. मी बाहेरून पास झाले. कारण मला शाळेने आत घेतलं नाही. माझ्या बापाला असंच बसवून असंच गोड बोलले होते. तू दाखला मागू नकोस. तू मागितल्याशिवाय हे देऊ शकत नाहीत. म्हणून तर तुला बोलावलंय.’

तो म्हणाला, ‘मोहतरमा, आवाज़ नीचे.’

माझा आवाज वर नव्हता. मी परत तेच म्हटलं, तेवढ्याच आवाजात. ‘दाखला मागू नकोस.’

मग तो शमीमकडे वळला. कागद तयार होता, कुणीतरी लिहून ठेवलेला. शाईचा पॅड उघडा. शमीमने पॅडकडे बघितलं. मग स्वतःच्या बोटांकडे, वाळलेल्या गोंदाकडे. तिने दोन्ही हात बुरख्यात आत घेतले. ‘सोच के बताती, साब,’ म्हणाली. तो म्हणाला, सोचने का क्या है. ती उठली. ‘इसके अब्बा को पूछना पड़ेगा.’ तिचा नवरा तीन वर्षं झाली गेला. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तिने पोरीचा हात धरला आणि निघाली.

मला त्याच आठवड्यात घरी बसवलं. उद्धट वर्तन. गणिताच्या बाई जिन्यात भेटल्या, माझा हात दाबला आणि भरभर वर निघून गेल्या. मला राग नाही आला. सासू आहे घरी.

रुखसारचं चांगलं झालं असं समजू नका. तिला आता वर्गात कुणी प्रश्न विचारत नाही. वही तपासत नाहीत. शेवटच्या बाकावर एकटी बसवली आहे आणि शेजारची जागा रिकामी ठेवतात. आई कंटाळून येईल आणि अंगठा देईल, याची वाट बघताहेत. पोर हल्ली बडबडत नाही. शमीम म्हणते, रात्री विचारते, अम्मी, मैं रोज़ क्यों जाती हूं.

परवा मौलानासाहेब लालबागला आले. तीन मजले चढून, धापा टाकत. सावंतकाकूंनी त्यांना पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि ऐकायला दारातच उभ्या राहिल्या. मौलाना मलाही आपाच म्हणतात. म्हणाले, ‘आपा, दो लाइन माफी लिख दो. रख लेंगे वापस. साब ने खुद कहा है. बस उस औरत को समझा दो.’

‘कुठल्या औरतला?’

‘रुखसार की अम्मी को.’

सावंतकाकू म्हणाल्या, ‘मौलाना, तुमचा पाणी पिऊन झाला काय? जिनो काळोखाचो हा. जपून उतरा.’

मी त्यांना खालपर्यंत सोडायला गेले. म्हातारा माणूस. वाटेत म्हणाले, आपा, तुम नहीं जानती, हम सब डरते हैं. मी म्हटलं, जाणते. मी पण डरते. डरतच सांगते, साहेबांना निरोप द्या.

तो निरोप इथेही लिहिते, म्हणजे बदलायला नको.

माफी नाही. ज्या ज्या पोरींची नावं मी भोळेपणाने त्या चटईवर घेतली, त्या प्रत्येकीच्या घरी मी जाऊन आले आहे. कुणाच्या पोटमाळ्यावर, कुणाच्या झोपडीत. प्रत्येक आईला एकच सांगितलं. दाखला मागायचा नाही. कागदावर अंगठा नाही, सही नाही, नवऱ्याला विचारते म्हणायचं आणि उठायचं. पोर नापास झाली तर त्याच वर्गात परत बसेल, पण बसेल. आणि पुन्हा मला कुणी बाहेरून शिकलेली म्हणून कुणाच्या पोरीसमोर उभं करायचं नाही. सत्कार नको, शाल नको. केलात तर तिथंच उभी राहून जैतूनचं नाव घेईन.

जूनमध्ये शाळा उघडेल. रुखसार आपल्या वर्गात जायला येईल. तिच्याबरोबर शमीम असेल, बाकीच्या आया असतील, आणि मी असेन. तिला आत सोडायचं नसेल तर गेटवर, रस्त्यावरच्या माणसांसमोर, स्वतःच्या तोंडाने तसं म्हणा. आमच्यातली एकही आई ते तुमच्यासाठी म्हणणार नाही.